नुसती जिद्द पुरत नाही

वाचकहो, घरात शाळेत जाणारे मूल असेल तर त्याला एक प्रश्न विचारून पाहा. जागतिक क्रीडास्पर्धेत भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक कोणी मिळवून दिले? सामान्यज्ञानाचे पुस्तक पाठ केलेले मूल चटकन सांगेल, नेमबाज अभिनव बिंद्रा, बीजिंग, २००८. ऑलिंपिकपुरते हे उत्तर बरोबर आहे. परंतु त्याच्या छत्तीस वर्षे आधी, १९७२ साली, जर्मनीतल्या हायडेलबर्ग शहरात अपंगांचे ऑलिंपिक, म्हणजे पॅरालिम्पिक भरले होते. तिथे कमरेखाली लुळा पडलेला एक मराठी जवान पोहण्याच्या शर्यतीत पहिला आला. नुसता पहिला आला नाही, तर त्याने जागतिक विक्रम केला. त्याचे नाव मुरलीकांत राजाराम पेटकर.

हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी अगदी अलीकडे ऐकले असेल. २०२४ साली 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी सिनेमा आला, तो त्यांच्याच आयुष्यावर बेतलेला. सिनेमा पाहून आमच्या ओळखीची मुले म्हणाली, "काय जिद्द आहे!" जिद्द होतीच. पण पेटकरांच्या कारकिर्दीकडे नीट पाहिले तर त्यात जिद्दीखेरीज आणखीही काही दिसते. तेच आज आम्हाला वाचकांपुढे ठेवायचे आहे. कारण आपल्या वसई-विरार पट्ट्यातल्या कितीतरी घरांत अपंग मूल आहे, अपघातात पाय गमावलेला कमावता माणूस आहे, आणि त्यांना 'जिद्द धर' एवढेच सांगून आपण मोकळे होतो.

पेठ गावचा पोर

पेटकरांचा जन्म १९४४ सालचा. गाव सांगली जिल्ह्यातले, इस्लामपूरजवळचे पेठ. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. पेठपासून ते फार दूर नाही. त्या मुलखात पोराला चालता येऊ लागले की तालमीची माती अंगाला लागते. मुरलीकांतही लहानपणी कुस्ती खेळले. पुढे कोवळ्या वयातच ते फौजेत गेले. इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स, ज्याला फौजेत ईएमई म्हणतात, त्या दलात ते जवान होते. यंत्रे, गाड्या दुरुस्त करणारे हे दल.

फौजेत त्यांच्या अंगातल्या ताकदीला नवी वाट मिळाली. ते मुष्टियुद्ध खेळू लागले, त्यात नाव काढले आणि १९६४ साली टोकियोला झालेल्या सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भारताकडून खेळले. वय अवघे वीस. पुढे मोठी कारकीर्द दिसत होती.

मग १९६५ चे युद्ध आले. पाकिस्तानबरोबरच्या त्या लढाईत पेटकरांना गोळ्या लागल्या. जीव वाचला, पण एक गोळी पाठीच्या कण्यात अडकून राहिली. पाठीचा कणा म्हणजे नुसते हाड नव्हे. त्याच्या आतून मज्जारज्जू जातो. मेंदूचे हुकूम पायांपर्यंत पोचवणारी ती तार आहे. ती तुटली किंवा चेपली की पाय जागच्या जागी असतात, पण मेंदूचा निरोप त्यांच्यापर्यंत पोचत नाही. पेटकरांचे कमरेखालचे अंग गेले. मुष्टियुद्ध संपले. विशीतला गडी खाटेला खिळला.

पाण्याने काय दिले

जखमी पेटकर उपचारांसाठी मुंबईला, कुलाब्याच्या 'अश्विनी' या नौदलाच्या रुग्णालयात आले. तिथे व्यायामोपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवण्यात आले.

आता कोणी विचारील, ज्याला उभे राहता येत नाही तो पोहणार कसा? यात चमत्कार काही नाही. जमिनीवर आपल्या देहाचे सगळे ओझे पायांवर असते. पाण्यात ते ओझे पाणीच उचलते. विहिरीतली भरलेली घागर पाण्याच्या आत असेपर्यंत हलकी लागते आणि बाहेर आली की दोर हाताला काचतो, हे आपल्या आजी-आईने रोज अनुभवले आहे. देहाचेही तसेच. पाण्यात लुळे पाय मागे तरंगत येतात, ते ढकलायला मदत करत नाहीत, उलट थोडे मागे ओढतात. ती सगळी कसर हातांना, खांद्यांना आणि छातीला भरून काढावी लागते. पेटकरांचे खांदे कुस्तीने आणि मुष्टियुद्धाने घडलेले होते. पाय गेले तरी ते खांदे गेले नव्हते.

आम्हाला वाटते, सगळ्या गोष्टीचे मर्म इथे आहे. डॉक्टरांनी, शिकवणाऱ्यांनी आणि खुद्द पेटकरांनी जे गेले त्याचा हिशेब बाजूला ठेवला आणि जे उरले त्याचा हिशेब मांडला. आपण घरी नेमके उलट करतो.

हे खेळ सुरू कसे झाले

हा उरलेल्याचा हिशेब मांडायला जगाला शिकवले ते एका डॉक्टरने. त्यांचे नाव लुडविग गटमान. ते जर्मनीतले ज्यू. हिटलरच्या राजवटीत केवळ ज्यू म्हणून त्यांचा छळ होऊ लागला, तेव्हा १९३९ साली देश सोडून ते इंग्लंडला आले. १९४४ साली स्टोक मँडेव्हिल या गावच्या रुग्णालयात पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांचा विभाग त्यांच्याकडे सोपवण्यात आला.

त्या काळी अशा रुग्णाला फार दिवसांचा सोबती समजत नसत. एका कुशीवर पडून पडून अंगाला जखमा होत, लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग होई आणि माणूस त्यातच जाई. गटमान यांनी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलायचा नियम घातला. माणसे जगू लागली. पण जगून करायचे काय? तेव्हा त्यांनी रुग्णांच्या हाती चेंडू दिला, धनुष्यबाण दिले. २९ जुलै १९४८ या दिवशी लंडनला ऑलिंपिकचे उद्घाटन होत होते. त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर सोळा जखमी सैनिक, त्यांत स्त्रियाही होत्या, चाकाच्या खुर्चीत बसून धनुर्विद्येची स्पर्धा खेळले. त्या रोपट्याचा पुढे वृक्ष झाला. १९६० साली रोमला अशी जी मोठी स्पर्धा झाली ती पहिले पॅरालिम्पिक मानली जाते.

माणसाची बुद्धी एकदा या दिशेला वळली की काय काय सुचते पाहा. स्वीडनमध्ये बर्फावरच्या हॉकीचे मोठे वेड. १९६१ साली तिथल्या स्टॉकहोम शहरात, अपंगांच्या पुनर्वसन केंद्रातल्या काही जणांना पाय गेल्यावरही हा खेळ सोडवेना. त्यांनी लोखंडी चौकटीची बैठी घसरगाडी केली आणि तिच्याखाली बर्फावर सरकणारी दोन पाती बसवली. आता अशा गाडीवर बसून खेळाडू दोन्ही हातांत आखूड काठ्या धरतात. काठीच्या एका टोकाला दाते असतात, ते बर्फात रोवून गाडी पुढे ढकलायची. दुसरे टोक चपटे, त्याने टोला मारायचा. म्हणजे पायांचे काम आणि हातांचे काम, दोन्ही हातांनीच. १९९४ साली नॉर्वेतल्या लिलेहॅमर येथे हा खेळ हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये आला आणि आता त्याला पॅरा आइस हॉकी म्हणतात. आपल्याकडे बर्फ दिसतो तो उसाच्या रसाच्या गाडीवर, त्यामुळे हा खेळ आपल्या मुलांच्या वाट्याला येणे कठीण. पण त्यामागची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. माणसाला खेळाच्या मापाचे करत बसण्यापेक्षा खेळ माणसाच्या मापाचा केला. बर्फ असेल तिथे बर्फावर, पाणी असेल तिथे पाण्यात.

तेल अवीव ते हायडेलबर्ग

१९६८ साली इस्रायलमध्ये तेल अवीवला पॅरालिम्पिक झाले. भारताने त्यात पहिल्यांदाच भाग घेतला. पेटकर त्या चमूत होते. पण पोहायला नव्हे, टेबल टेनिस खेळायला. पहिली फेरी त्यांनी पार केली, पदकापर्यंत मात्र पोचले नाहीत. म्हणजे सैनिक जखमी होतो आणि लगेच सुवर्णपदक घेऊन येतो, असे घडलेले नाही. जखम १९६५ ची, सुवर्ण १९७२ चे. मधली सात वर्षे रुग्णालय, सराव, हार आणि पुन्हा सराव यांत गेली.

परदेशी जायला विमानाचे भाडे लागते. ते कोण देणार? नामवंत क्रिकेटपटू विजय मर्चंट निवृत्तीनंतर अपंगांसाठी काम करीत असत. त्यांच्या संस्थेने पेटकरांच्या प्रवासाला हातभार लावला. हा तपशील लहान वाटेल. पण तिकिटावाचून घरी राहिलेल्या खेळाडूचे नाव कुठल्याच पुस्तकात येत नाही.

ऑगस्ट १९७२ मध्ये हायडेलबर्गला स्पर्धा झाल्या. मुख्य ऑलिंपिक त्याच महिन्याच्या अखेरीस म्युनिकला सुरू व्हायचे होते. पेटकर तिथे भालाफेकीत उतरले, चाकाच्या खुर्चीच्या अडथळ्यांच्या शर्यतीत उतरले आणि पोहण्यात उतरले. ५० मीटर फ्रीस्टाइलच्या शर्यतीत ३ क्रमांकाचा गट त्यांचा होता. अपंगांच्या खेळात असे गट पाडतात. ज्याचे एक बोट नाही आणि ज्याचे अर्धे अंग नाही, त्यांना एका रांगेत उभे केले तर तो न्याय होणार नाही. म्हणून शरीराचा कोणता भाग किती काम देतो हे तपासून सारख्याला सारख्याशी लढवतात.

पेटकरांनी ते ५० मीटर ३७.३३ सेकंदांत कापले. जागतिक विक्रम! आमच्या तरुण वाचकांनी कधी तलावात घड्याळ लावून पाहावे. दोन्ही पाय शाबूत असलेल्या, पण सराव नसलेल्या गड्याला एवढ्या अंतराला मिनिटभर सहज लागते. इथे नुसत्या दोन हातांनी ते झाले. ऑलिंपिक आणि पॅरालिम्पिक मिळून भारताचे हे पहिले वैयक्तिक सुवर्ण.

मग छत्तेचाळीस वर्षे

पदक घेऊन पेटकर परतले आणि नोकरीला लागले. पुण्याच्या टेल्को कारखान्यात, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, त्यांनी सुमारे तीस वर्षे काम केले. संसार केला, मुले वाढवली. कामगार म्हणून आठ तास भरून घरी येणारा हा माणूस जागतिक विक्रमवीर आहे, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांपलीकडे किती जणांना ठाऊक होते?

१९८२ साली त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी प्रयत्न केला. तो मान्य झाला नाही. १९८४ च्या पॅरालिम्पिकमध्ये भारताला पुन्हा पदके मिळाली. त्यांत भालाफेकीचे रौप्य भीमराव केसरकर यांचे होते. ती नावेही लोकांच्या तोंडी राहिली नाहीत. पेटकरांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. म्हणजे सुवर्णानंतर छत्तेचाळीस वर्षांनी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. अर्जुन पुरस्कार, तोही जीवनगौरवाचा, त्यांना मिळाला जानेवारी २०२५ मध्ये. १९८२ च्या प्रयत्नाला त्रेचाळीसाव्या वर्षी उत्तर आले. तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते. खाशाबा जाधवांच्या वाट्याला अर्जुन पुरस्कार आला तो तर मरणानंतर. पेटकरांना निदान डोळ्यांनी पाहता आला, एवढेच समाधान.

हा केवळ विसराळूपणा नव्हता. अपंगाचा खेळ म्हणजे खरा खेळ नव्हे, ते मन रमवायचे साधन, अशी समजूत त्यामागे होती. ज्याचे माप दयेने घेतले जाते त्याला बक्षीस मिळते ते शाबासकीचे, हक्काचे नव्हे. खालच्या पायरीवर उभे करून वरून केलेली शाबासकी कशी असते, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

जिद्दीच्या जोडीला काय होते

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पेटकरांची जिद्द वजा न करता, तिच्या जोडीला काय काय होते ते मोजून पाहू.

पहिले म्हणजे, जखम झाल्यावर चांगले रुग्णालय होते आणि त्याचा खर्च घरच्यांच्या डोक्यावर नव्हता. दुसरे, तिथे नुसते टाके घालून घरी पाठवले नाही, तर उरलेल्या अंगाला कामाला लावणारी माणसे होती. तिसरे, उतरायला पाणी होते. चौथे, प्रवासाच्या पैशाला कोणाचा तरी हात लागला. पाचवे, नोकरी होती, महिन्याचा पगार होता. या पाचांतले एक जरी वजा केले तरी तीच जिद्द, तेच खांदे घेऊन तो माणूस खाटेवरच राहिला असता.

आपल्या भागात युद्ध होत नाही. पण विरार लोकलला लोंबकळून जाणारा माणूस रोज एक लढाईच करतो. लोकलमधून पडून, रूळ ओलांडताना हातपाय गमावलेली माणसे वसई, नालासोपारा, विरारच्या वस्त्यांत आपण पाहतो. इमारतींच्या परांचीवरून पडून कणा मोडलेले बिगारी आहेत. कारखान्यात यंत्राखाली बोटे गेलेले कामगार आहेत. जन्मतः पाय अधू असलेली मुले आहेत. यांच्या जोडीला काय आहे? वरच्या पाच गोष्टींतली एकही नाही. आणि आपण त्यांना सिनेमा दाखवून म्हणतो, "बघ, तो कसा जिद्दीने उभा राहिला!" ज्याच्या हातात दोर दिलेला नाही त्याला विहिरीतून वर चढ म्हणण्यासारखे हे आहे.

अशी घरे आम्ही आत जाऊन पाहिली आहेत. चाळीतली दहा बाय दहाची खोली, कोपऱ्यात खाट, खाटेवर बारा-तेरा वर्षांचा मुलगा. पाहुणे आले की मधला पडदा ओढला जातो. आई दिवसभर त्याचे सगळे करते, तिच्या कमरेची हाडे ढिली झालेली. वाईट कोणीच नाही, प्रेम तर उदंड आहे. पण मुलाला काय येते, असे आम्ही विचारतो तेव्हा आई काय येत नाही त्याची यादी सांगते. आणि तेवढ्यात तो मुलगा दोन्ही हातांच्या जोरावर अंग उचलून खाटेवरून खाली उतरतो आणि मोरीपर्यंत जातो. ताई, हे त्याचे दंड बघा. हे दंड रोज कसरत करताहेत आणि घरात कोणाचे लक्ष नाही! मुलगी असेल तर पडदा आणखी जाड. तिला बाहेर न्यायचे म्हणजे लोक काय म्हणतील, धाकटीचे लग्न कसे जमेल, ही धास्ती.

पडद्याबाहेर आलेले

तो पडदा बाजूला सारलेली घरेही महाराष्ट्रात आहेत. सोलापूर जिल्ह्यातला सुयश जाधव लहानपणी विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गमावून बसला. पेटकरांना पाय नव्हते, याला हात नाहीत. तोही पोहायलाच लागला. २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये तो उतरला, २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायचे सुवर्ण जिंकले आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. दृष्टी नसलेल्या कांचनमाला पांडे यांनी २०१७ साली मेक्सिकोतल्या जागतिक स्पर्धेत २०० मीटर मेडलेचे सुवर्ण मिळवले. सांगली जिल्ह्याच्याच आटपाडी तालुक्यातला सचिन खिलारी याने २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळा १६.३२ मीटर फेकून रौप्यपदक आणले. त्याच पॅरिसमध्ये उद्घाटनाच्या वेळी भारताचा ध्वज घेऊन जाणाऱ्या दोघांत नांदेडची भाग्यश्री जाधव होती, चाकाच्या खुर्चीवरची गोळाफेकपटू. पॅरिसमधून भारताने सात सुवर्णांसह एकूण २९ पदके आणली. १९७२ साली एक होते.

म्हणजे बदल झाला आहे, हे मान्य करू. पण तो आपोआप झालेला नाही. कायदा झाला, प्रशिक्षण शिबिरे झाली, खेळाडूंना पैसे मिळू लागले, तेव्हा पदके वाढली.

आपण काय करावे

कायद्याची माहिती आपल्या माणसांना नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला. पूर्वी 'अपंग' म्हणत, आता सरकारी कागदावर 'दिव्यांग' लिहितात. शब्द कोणताही असो, हक्क महत्त्वाचा. या कायद्यात २१ प्रकारचे अपंगत्व मोजले आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचा दाखला असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत निदान पाच टक्के जागा आणि सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण आहे. आणि वाचकहो, त्याच कायद्यात खेळासाठी एक वेगळे कलम आहे, तिसावे. अपंगांना खेळात भाग घेता यावा यासाठी सोयी करणे हे सरकारचे काम आहे, असे ते सांगते. मेहेरबानी नव्हे, काम.

तेव्हा पहिली गोष्ट, दाखला काढा. आता त्यासाठी ऑनलाइन अर्ज करावा लागतो, मग सरकारी रुग्णालयात तपासणी होते आणि यूडीआयडी नावाचे कार्ड मिळते. वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी दर रविवारी दोन घरांचे अर्ज भरून द्यावेत. हे काम भाषणापेक्षा मोठे आहे.

दुसरी गोष्ट, उरलेल्या अंगाची तपासणी करा. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची अपंग पुनर्वसनाची मोठी संस्था १९५५ पासून आहे. आपल्या विरार लोकलने मुंबई सेंट्रल किंवा महालक्ष्मीला उतरून तिथे जाता येते. कृत्रिम पाय, कुबड्या, व्यायाम, सर्व प्रकारचे मार्गदर्शन तिथे होते. नशिबाला बोल लावण्याआधी एकदा तरी तिथे जाऊन या.

तिसरी गोष्ट, शाळेची. खेळाच्या तासाला अधू मुलाला वर्गात बसवून दप्तरे राखायला लावतात. पालकांनी मुख्याध्यापकांना भेटून विचारावे, याला कॅरम, बुद्धिबळ, बसून गोळाफेक, बसून चेंडू झेलणे, यांतले काय शिकवता? भांडायला जाऊ नका, पण विचारल्यावाचून राहू नका.

चौथी गोष्ट पाण्याची. वसई-विरार म्हणजे तळ्यांचा, विहिरींचा आणि समुद्राचा मुलूख. पण समुद्र आणि विहीर ही शिकण्याची जागा नव्हे, तिथे जीव जातो. शिकवणारा माणूस आणि धरायला कठडा असलेला तरणतलावच हवा. जिथे सार्वजनिक तलाव आहे तिथे आठवड्यातला एक तास अपंग मुलांसाठी राखून ठेवा, उतरायला उतार करा आणि शुल्क माफ करा, अशी लेखी मागणी करा. अर्जावर शंभर सह्या असल्या की अर्जाला वजन येते. सह्या गोळा करणे आपल्याला नवे नाही.

आणि पाचवी गोष्ट आपल्याच अंगणातली. आपल्या विहाराच्या पायऱ्या मोजा. पाच असोत की पंधरा, त्या पायऱ्यांमुळे कोण कोण वंदनेला येत नाही, याचा विचार केला आहे का? एका बाजूला सिमेंटचा उतार करायला काही पोती सिमेंट आणि दोन गवंड्यांचे दोन दिवस लागतात. गवंडी तर आपल्यातच आहेत. ज्या समाजाला शतकानुशतके दारात अडवले, त्याने आपल्या दारात कोणाला अडवू नये.

ज्यांच्या घरी कणा मोडलेला माणूस अंथरुणात आहे त्यांनी डॉक्टर गटमान यांचा नियम ध्यानात ठेवावा. दर दोन तासांनी कूस बदला. टाचा, माकडहाड, ढुंगण या जागा रोज उजेडात तपासा, लाली दिसली की डॉक्टरांना दाखवा. आणि रात्रीची पाळी एकट्या आईवर टाकू नका. बापाने, भावाने आळीपाळीने उठावे. पदकाची गोष्ट पुढची, आधी माणूस जगला पाहिजे.

प्रत्येक अधू मूल मुरलीकांत पेटकर होईल असे आम्ही म्हणत नाही. धडधाकट मुलांतला प्रत्येक जण कुठे खाशाबा जाधव होतो? पण प्रत्येक मुलाला खेळून दमण्याचा, जिंकण्याचा आणि हरण्याचाही अधिकार आहे. ज्या दिवशी आपल्या वस्तीतल्या एखाद्या मुलाची आई तक्रार करील, की हा दिवसभर खेळतो, अभ्यासाला बसत नाही, आणि तो मुलगा चाकाच्या खुर्चीत असेल, त्या दिवशी आपले काम सुरू झाले असे समजू.

या रविवारी एवढे करा. आपल्या चाळीत, आपल्या गल्लीत पडद्याआड कोण आहे ते पाहा, दार वाजवा आणि घरच्यांना विचारा, "दाखला काढला का?"